टोचण्याआधी मशीन बघा, टोचल्यावर हात आवरा

पियर्सिंग करायला आलेला माणूस खुर्चीवर बसायच्या आधीच विचारतो, "दुखेल का?" दुखतं. सुई आरपार जाते ते दोन-तीन सेकंद झणझणतं, मग ती जागा गरम होते आणि दिवसभर थोडा ठणका राहतो. पण हत्यारं कशात निर्जंतुक करता आणि दागिना कोणत्या धातूचा घालणार, हे क्वचितच कुणी विचारतं. पुढच्या सहा महिन्यांत जे बिघडतं ते बहुतेक वेळा या दोन गोष्टींमुळे, नाहीतर स्वतःच्याच बोटांमुळे.

मी या धंद्यात यायच्या आधी रुग्णालयात ऑपरेशनची हत्यारं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागात होते. त्यामुळे कुठल्याही स्टुडिओत शिरले की भिंतीवरच्या फोटोंआधी माझी नजर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, कुठे आहे ते शोधते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

ऑटोक्लेव्ह दाखवा म्हणावं

पाणी साध्या भांड्यात कितीही वेळ उकळलं तरी १०० अंश सेल्सियसच्या आसपासच राहतं, आणि काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपं, तेवढ्या उष्णतेत सहज तग धरतात. ऑटोक्लेव्हमध्ये दाब वाढवून वाफ १२१ अंशांवर नेतात आणि हत्यारं त्या वाफेत १५ ते ३० मिनिटं ठेवतात. १३४ अंशांवर नेली तर काही मिनिटं पुरतात. मग बीजाणूही उरत नाहीत. काही ठिकाणी जांभळ्या उजेडाचा काचेचा डबा दाखवून 'हे बघा, सगळं स्टराइल' असं सांगतात. तो उजेड जिथे पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो. चिमट्याच्या सांध्यात किंवा नळीच्या पोकळीत पोचत नाही. ध्वनिलहरींनी मळ सुटा करणारा अल्ट्रासॉनिक क्लीनर हत्यारं धुवायला उत्तम, पण धुतल्यावर ती ऑटोक्लेव्हमध्ये जायलाच हवीत.

हत्यारांच्या पाकिटावर रंग बदलणारी खूण असते. ती बघाच, पण ती फक्त एवढंच सांगते की पाकीट गरम वाफेतून गेलं. यंत्र खरंच जंतू मारतंय का, हे कळतं ते स्पोअर टेस्टनं. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा एक जिवाणू आहे. त्याचे बीजाणू उष्णतेला सहजासहजी दाद देत नाहीत. ते यंत्रात ठेवायचे, एक फेरी चालवायची आणि नंतर ते वाढतात का पाहायचं. वाढले तर यंत्र नापास. तेव्हा एकच प्रश्न विचारा: "शेवटची स्पोअर टेस्ट कधी केली?" जो काळजीनं काम करतो तो हसत फाइल काढून दाखवतो. ज्याला प्रश्नच कळत नाही किंवा ज्याला प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडून उठून यायला लाजू नका.

आणि बंदूक दिसली तर थेट बाहेर पडा. टोचायच्या बंदुकीचे भाग बहुतेक प्लास्टिकचे असतात, ते ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाहीत, म्हणजे एका कानावरून दुसऱ्या कानावर जाताना ती नुसती पुसली जाते. शिवाय तिच्यातला दागिना बोथट असतो. स्प्रिंगच्या जोरावर तो मांस फाडत घुसतो. कानाच्या पाळीला एक वेळ ते झेपतं, पण वरच्या कूर्चेला, म्हणजे कानाच्या वरच्या भागातल्या लवचिक मऊ हाडाला, झेपत नाही. त्या दागिन्याची लांबी ठरलेली, त्यामुळे सुजेला जागा उरत नाही, आणि मागच्या फुलपाखरासारख्या चापात मळ साठतो. २००० साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यात एका स्टॉलवर कानाची वरची कड टोचून घेतलेल्या लोकांना स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग झाला. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली. तपासात तोच जिवाणू जंतुनाशक फवारायच्या बाटलीत सापडला. जंतुनाशकाची बाटली वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा भरत राहणाऱ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगते.

हवी ती पोकळ सुई, एकदाच वापरायची, तुमच्यादेखत पाकिटातून काढलेली आणि वापरून झाली की जाड भिंतीच्या शार्प्स डब्यात टाकलेली. हातमोज्यांकडेही लक्ष ठेवा. मोजे घालून पियर्सरनं फोन उचलला, खण उघडला, केस मागे सारले, की ते मोजे बाद. दर वेळी नवे. न सांगता मोजे बदलणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

धातू: इथे पैसे वाचवू नका

'सर्जिकल स्टील' हे शब्द ऐकून लोक निर्धास्त होतात. कुठलंही स्टील त्या नावानं विकता येतं. स्टीलमध्ये निकेल असतं, आणि निकेलची ॲलर्जी फार लोकांना असते. कित्येकांना ती पियर्सिंगनंतरच कळते, कारण कच्च्या जखमेत चोवीस तास निकेल राहिल्यानंच ती सुरू होऊ शकते. म्हणून युरोपीय संघात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे.

पहिल्या दागिन्यासाठी मी इम्प्लांट ग्रेड टायटॅनियमच सुचवते. त्यावर एएसटीएम एफ१३६ ही खूण मागा. शरीरात बसवायच्या उपकरणांसाठीचं ते मानक आहे, आणि विकणाऱ्याकडे त्या मालाचं मिल सर्टिफिकेट, म्हणजे धातू बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला, असायला हवं. नायोबियम हा धातूही चालतो. सोनं हवंच असेल तर १४ किंवा १८ कॅरेटचं, भरीव आणि निकेल नसलेलं. २२-२४ कॅरेटचं मऊ असतं, त्यावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यात मळ बसतो. मुलामा दिलेलं काहीही कच्च्या जखमेत नको. मुलामा झिजतो आणि खालचा धातू उघडा पडतो. चांदी काळवंडते, तीही नंतरच.

दागिन्याच्या दांडीवरून नख फिरवून पाहा (दुकानातल्या नमुन्यावर, निर्जंतुक केलेल्या दागिन्यावर नाही!). दांडीच्या बाहेर आटे, म्हणजे स्क्रूसारखे पेच, असतील तर घालताना ते आटे जखमेतून खरवडत जातात. आटे दांडीच्या पोकळीत आतल्या बाजूला असावेत, किंवा बिनआट्याची, दाबून बसणारी पिन असावी. आणि पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत.

जाडी सांगताना गेज हे माप वापरतात, आणि आकडा वाढला की जाडी कमी होते. १८ गेज साधारण १ मिलिमीटर, १६ गेज १.२, १४ गेज १.६. बेंबी आणि जीभ सहसा १४, कूर्चा १६ किंवा १८. फार बारीक तारेसारखा दागिना नाजूक दिसतो खरा, पण ओढ बसली की तो मांस कापत सरकतो.

आधी डॉक्टरांना विचारायचं कुणी

मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, हृदयाची झडप कृत्रिम असेल किंवा जन्मजात हृदयदोष असेल, तर माझ्याकडे यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. हृदयवाल्यांसाठी जीभ आणि तोंडाची पियर्सिंग विशेष धोक्याची. तोंडातले जिवाणू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. गरोदर असाल तर थांबा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तरी थांबा. घरात कुणाला केलॉइड होत असतील, म्हणजे साध्या जखमेचा वण फुगून जखमेबाहेर पसरत असेल, तर कान टोचण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस घेतली आहे ना, तेही एकदा बघा.

शरीराची ठेवणही ऐकावी लागते. बेंबीच्या वर कातडीची नीट घडी हवी. बसल्यावर बेंबी मिटून जात असेल तर दागिन्याचा खालचा गोळा आत दाबला जातो आणि महिनोन्महिने जखम चिडत राहते. अशा वेळी मी नाही म्हणते. गिऱ्हाईक नाराज होतं, पण दागिना वर्षभरात बाहेर पडताना बघण्यापेक्षा ते बरं.

त्या दिवशी

पोटभर जेवून या. उपाशीपोटी आलेले लोक चक्कर येऊन कोसळतात, आणि त्यात धिप्पाड पुरुष जास्त असतात असं माझं निरीक्षण आहे. आदल्या दिवसापासून दारू नको. ॲस्पिरिन कुणी लिहून दिली नसेल तर स्वतःहून घेऊ नका. खूण केल्यावर आरशात बघा, उभं राहून, सरळ समोर. बसून, मान वाकडी करून पाहिलेली खूण नंतर तिरकी निघते. पटली नाही तर पुसून परत करायला सांगा. दहा वेळा केली तरी चालेल. सुई जाताना श्वास सावकाश बाहेर सोडायचा, एवढंच तुमचं काम.

पहिली दांडी तुम्हाला लांब वाटेल. ती मुद्दाम लांब असते, सूज मावावी म्हणून.

निगा: जितकी कमी तितकी बरी

दिवसातून एकदा किंवा दोनदा निर्जंतुक सलाइन फवारायचं. बाटलीवर ०.९ टक्के सोडियम क्लोराइड आणि पाणी, एवढेच दोन घटक हवेत. नाकात मारायचा किंवा लेन्सचा सलाइन घेऊ नका, त्यात बाकीचं काही मिसळलेलं असतं. घरी मीठ कालवून केलेलं पाणी जवळजवळ नेहमी खारट होतं आणि जखम कोरडी पाडतं. पियर्सर मंडळींची १९९४ साली स्थापन झालेली असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पियर्सर्स ही संस्थाही आता ते करू नका असंच सांगते. दाबून फवारायचा कॅन घ्या, तो शेवटपर्यंत निर्जंतुक राहतो. झाकण उघडून वापरायची बाटली दोन दिवसांत शंकास्पद होते.

आधी हात साबणानं धुवा. फवारा मारा, मिनिटभर थांबा, सुटलेली खपली निर्जंतुक गॉजनं अलगद टिपून घ्या. न सुटलेली राहू द्या. कापसाचे बोळे नकोत, त्यांचे धागे दांडीला गुंडाळले जातात. मग कोरडं करा, आणि हे लोक हमखास विसरतात. ओलसर राहिलेली जखम चिडते. गॉजचा कोरडा तुकडा पुरतो, किंवा हेअर ड्रायरची थंड हवा. टॉवेल नको, त्याचा धागा दागिन्यात अडकला की काय होतं ते मी इथं लिहीत नाही.

झालं. याच्यापुढे काही लावायचं नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि झोंबणारी अँटिसेप्टिक द्रवं नव्यानं तयार होणाऱ्या पेशीही मारतात. मलम हवा कोंडतं. टी ट्री ऑइल, तेल, पावडर, ॲस्पिरिनचा लेप, यातलं काहीही नको.

आणि दागिना फिरवायचा नाही. 'फिरवला नाही तर चिकटेल' हा सल्ला कानोकानी चालत आलाय आणि तो चुकीचा आहे. छिद्राची कातडी दोन्ही तोंडांकडून आत वाढत जाते आणि मध्ये भेटून नळी तयार होते. जखमेतून पाझरून दांडीवर वाळलेली लस आणि खपली म्हणजे बारीक पॉलिश पेपर. फिरवलंत की ती कोवळी कातडी सोलून काढता. आतून ती रोज नव्यानं सुरुवात करते. बाहेरून छिद्र महिनाभरात कोरडं आणि छान दिसतं, आत मात्र कच्चंच असतं, आणि याच काळात लोक दागिना बदलायला बसतात.

किती वेळ लागतो? कानाची पाळी दीड-दोन महिने. नाकाचा मधला पडदा नीट पातळ जागी टोचला असेल तर दोन-तीन महिने. नाकपुडी चार ते सहा महिने. कानाची कूर्चा, बेंबी आणि निपल सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. जीभ सगळ्यात लवकर, महिना-दीड महिन्यात.

झोपणं हा कानवाल्यांचा खरा शत्रू. त्या कुशीवर झोपलात की दांडी तिरकी दाबली जाते आणि महिन्याभरात छिद्राचा कोनच बदलतो. मानेभोवती घालायची प्रवासाची उशी घ्या, कान तिच्या भोकात येईल असा ठेवा. एका वेळी एकाच कानात काम करून घ्या, म्हणजे झोपायला दुसरी कूस शिल्लक राहते. हेल्मेट, हेडफोन, मास्कची दोरी, चष्म्याची काडी, फोनची काच, केसांना लावायची उत्पादनं, हे सगळं त्या बाजूपासून लांब. बेंबीवाल्यांनी कमरेवर रुतणारे कपडे टाळावेत. शॉवर चालतो. तलाव, नदी, समुद्र, पूल, टब, यातलं काहीही जखम भरेपर्यंत नको.

जिभेचं गणित थोडं वेगळं. पहिले तीन ते पाच दिवस ती एवढी सुजते की बोलणं बोबडं होतं. बर्फ चघळा, थंड आणि मऊ खा, खाल्ल्यावर सलाइननं किंवा अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशनं चूळ भरा, सिगारेट आणि दारू बाजूला ठेवा. नवा मऊ ब्रश घ्या. सूज उतरली की दोन-चार आठवड्यांत आखूड दांडी घालून घ्याच. लांब दांडी दातांवर आपटत राहते, दातांचे टवके उडतात आणि हिरड्या मागे सरकतात. मागे सरकलेली हिरडी परत येत नाही. श्वास घ्यायला किंवा गिळायला अडचण वाटली तर सरळ रुग्णालय गाठा.

गाठ आली म्हणजे घाबरायचं की नाही

सुरुवातीला थोडी लाली, थोडी सूज, फिकट पिवळसर किंवा पांढुरकी लस आणि तिची वाळलेली खपली, हे सगळं जखम भरत असल्याचं लक्षण आहे. तो पू नव्हे.

छिद्राच्या तोंडाशी उठणारी लहान लाल गाठ बहुतेक वेळा चिडलेल्या जखमेची असते. लोक ती जाळायला, फोडायला बघतात. मी आधी प्रश्न विचारते: कोणत्या कुशीवर झोपता, दांडी लांब आहे का, धातू कोणता, किती वेळा धुता, नव्यानं काय लावायला लागलात. कारण सापडलं आणि काढलं की गाठ काही आठवड्यांत आपोआप बसते. नाही बसली, मोठी होत छिद्राच्या बाहेर पसरत गेली, कडक आणि खाजरी झाली, तर केलॉइड असू शकतो. तिथे माझं काम संपतं आणि त्वचारोगतज्ज्ञांचं सुरू होतं.

संसर्ग वेगळा ओळखू येतो. लाली पसरत जाते, जागा हाताला गरम लागते, ठणका वाढत जातो, दाट पिवळा-हिरवा पू येतो, ताप येतो. लाल रेषा उमटून पसरायला लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. कानाच्या कूर्चेत तर एक रात्रही थांबू नका. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती भोवतालच्या पापुद्र्यावर जगते. पुवानं तो पापुद्रा सुटला की कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बसतो. 'पाळी नाही, वरची कूर्चा टोचली आहे' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण तिथे बऱ्याचदा स्यूडोमोनास असतो आणि त्यावर नेहमीची प्रतिजैविकं चालत नाहीत. आणि घाबरून स्वतः दागिना काढू नका. तोंड मिटलं की पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा, ते डॉक्टर ठरवतील.

दागिना मात्र गोळ्यासकट कातडीत रुतायला लागला असेल तर वाट बघू नका, लगेच पियर्सरकडे जाऊन लांब दांडी घालून घ्या. पूर्ण आत गेला असेल तर डॉक्टरकडे. भुवई आणि बेंबीत उलटा प्रकार होतो: शरीर दागिना हळूहळू बाहेर ढकलतं. दोन छिद्रांमधलं अंतर कमी व्हायला लागलं, कातडी पातळ होऊन आतली दांडी दिसायला लागली, तर दागिना काढून टाका. हट्टानं ठेवलात तर तो एक दिवस कातडी चिरूनच बाहेर येतो आणि वण लांबच लांब राहतो.

बदलताना

सूज उतरल्यावर, साधारण चार ते आठ आठवड्यांत, लांब दांडी काढून आखूड घालून घ्यायची. ती पियर्सरकडूनच. लांब दांडी सगळीकडे अडकते आणि गाठींचं अर्धं मूळ तिच्यातच असतं, तरी परत येणारे लोक थोडेच. आवडीचा दागिना घालायचा तो जखम पूर्ण भरल्यावर: पाळी किंवा छिद्र दाबल्यावर दुखत नाही, लस येत नाही, खपली धरत नाही, हे काही आठवडे टिकलं की. रिंग कूर्चेत सगळ्यात शेवटी. ती हलत राहते.

दागिना काढून ठेवाल तर छिद्र आक्रसतं, नवं असेल तर काही मिनिटांत. ऑपरेशन किंवा स्कॅनसाठी धातू काढावाच लागणार असेल तर आधी पियर्सरकडे जाऊन काचेचा रिटेनर, म्हणजे छिद्र उघडं ठेवणारी बिनधातूची दांडी, घालून घ्या आणि तंत्रज्ञाला तो कुठे आहे ते सांगा. वाटेत गोळा हरवला तर सेलोटेप लावून या, छिद्र रिकामं ठेवून येऊ नका.